वार, चिलखत आणि वीस बाजूंचा फासा

२०१६ साली आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात टेबलाभोवती बसून एक खेळ खेळताना दिसतात. काळ १९८३ चा. डेमोगॉर्गन नावाचा राक्षस समोर उभा ठाकला आहे आणि विल नावाच्या मुलाला क्षणात निर्णय घ्यायचा आहे : आगीचा गोळा फेकायचा की संरक्षणाचा मंत्र म्हणायचा? एक मित्र हल्ल्याचा आग्रह धरतो, दुसरा बचावाचा. गोळा लागण्यासाठी १३ किंवा त्याहून मोठे दान पडायला हवे, म्हणजे शंभरात ४० वेळा यश. विल गोळा फेकतो आणि दान पडते ७ चे. मालिकेची कथा पुढे कुठल्या कुठे जाते. पण तळघरातला तो वाद गेली ५० वर्षे जगभरच्या टेबलांवर चालू आहे. वार किती जोराचा असावा आणि चिलखत किती जाड, हा तो वाद.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला आणि आजही सर्वाधिक परिचित खेळ. यात पट असलाच पाहिजे असे नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो : योद्धा, जादूगार, चोर, धर्मयोद्धा वगैरे. एक जण 'डंजन मास्टर' होतो; आपण त्याला सूत्रधार म्हणू. गावे, गुहा, शत्रू, हवामान, सारे काही तो उभे करतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. २०२३ मध्ये गाजलेला 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकीय खेळ याच नियमांवर बेतलेला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या तरुण वाचकांना यातील बऱ्याच संज्ञा ओळखीच्या वाटतील.

एक पात्र दोन-दोन वर्षे खेळले जाते. दर शनिवारी तेच मित्र भेटतात आणि त्या पात्राच्या शत्रुत्वाच्या, मैत्रीच्या, कर्जांच्या गोष्टी साठत जातात. असे पात्र मेले तर दुसरा डाव मांडून ते परत येत नाही. म्हणून शत्रूचा वार किती वेळा लागावा, या प्रश्नाला केवळ गणिताचे महत्त्व नाही. वार फारच क्वचित लागले तर लढाईत धाकधूक उरत नाही. फारच लागले तर दोन वर्षांची गोष्ट एका दुपारी संपते. या दोन टोकांमधली जागा वाटते त्यापेक्षा अरुंद आहे. ती अरुंद का, हे समजून घ्यायचे तर खेळाच्या जन्मापाशी जावे लागते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. त्याआधी १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाची नियमावली काढली होती. शिशाच्या छोट्या सैनिकांनी मध्ययुगीन लढाया खेळण्यासाठी ती होती आणि तिच्यात साध्या सैनिकाचा हिशेब सरळ होता : घाव लागला की सैनिक मेला. शंभर बाहुल्यांच्या फौजेत एक पडली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण अर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांना प्रत्येकी एकच पात्र देऊन खेळवू लागले, तेव्हा एका दानात आपला नायक मेलेला कोणालाच रुचेना. यातून वाट काढताना त्यांनी अमेरिकी यादवी युद्धातील पोलादी जहाजांसाठी पूर्वी केलेले नियम उचलले, असे अर्नेसन यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले होते. जहाज एका तोफगोळ्याने बुडत नाही, तसे माणसालाही एका घावाने मरू द्यायचे नाही, हा विचार त्यामागे होता.

जहाजांकडून आलेल्या गोष्टी दोन. एक 'हिट पॉइंट', म्हणजे पात्राच्या अंगात किती जीव शिल्लक आहे हे मोजणारे गुण. दुसरी 'आर्मर क्लास', म्हणजे चिलखताचा दर्जा. याला या लेखात कवचांक म्हणू. हिट पॉइंट संपले की पात्र पडते; कवचांक ठरवतो की वार लागला की हुकला. पोलादी चिलखत घातलेल्या माणसाला तलवार 'लागत नाही' हे वास्तवाला धरून नाही, ती लागते पण कापत नाही, अशी टीका या योजनेवर पहिल्यापासून होत आली आहे. टीका खरीच आहे. तरीही योजना टिकली, कारण एका दानात निकाल लागतो आणि टेबलावर वेळ वाचतो.

१९७४ च्या नियमांत कवचांक ९ म्हणजे अंगावर काहीच नाही आणि २ म्हणजे पोलादी पत्र्याचे चिलखत व ढाल. रेल्वेच्या डब्यासारखे, आकडा लहान तितका वर्ग वरचा. पहिल्या पातळीच्या योद्ध्याला वीस बाजूंच्या फाशावर उघड्या माणसाविरुद्ध १० लागत आणि चिलखत-ढालीविरुद्ध १७. म्हणजे ५५ टक्के आणि २० टक्के. हिट पॉइंट मात्र तुटपुंजे : पहिल्या पातळीच्या योद्ध्याला एका सहा बाजूंच्या फाशाचे दान अधिक १, जादूगाराला नुसते दान; आणि प्रत्येक शस्त्राची इजाही सहा बाजूंच्या एका फाशाइतकी. एका-दोन घावांत खेळ आटोपे. त्या काळातील खेळाडू एका मोहिमेला दोन-तीन सुटी पात्रे हाताशी ठेवत, यात नवल नाही.

पुढची २५ वर्षे आकडे उलट्या दिशेनेच चालले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने 'थॅको' नावाचा आकडा रूढ केला : कवचांक ० असलेल्या शत्रूला मारण्यासाठी जे दान लागते ते. त्यातून समोरच्याचा कवचांक वजा करायचा. थॅको २० असेल आणि कवचांक ५, तर १५ लागणार. कवचांक उणे ३ असेल तर उणे वजा करायचे, म्हणजे २३. शाळेतले उणे-उणे अधिक ज्यांना कधीच पचले नाही त्यांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे सारे सरळ केले. कवचांक वाढता झाला आणि नियम एका ओळीत बसला : फाशाचे दान अधिक हल्ल्याचा बोनस, ही बेरीज कवचांकाइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. आजही नियम हाच आहे.

नियम सरळ झाला आणि त्याच्या पोटातली अडचण उघडी पडली. ती नीट पाहणे आवश्यक आहे, कारण बहुतेक सूत्रधार इथेच चुकतात.

वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के. म्हणून कवचांक एकाने वाढला की वार लागण्याची शक्यता ५ टक्क्यांनी घटते. ही वजाबाकी सगळीकडे सारखी आहे, पण तिची किंमत सारखी नाही. हल्ल्याचा बोनस ५ असलेला शत्रू घ्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला साधा ऑर्क असाच आहे. कवचांक १३ असलेल्या पात्राला त्याचा वार ६५ टक्के वेळा लागतो. कवचांक १४ झाला की ६० टक्के. इजा साधारण ८ टक्क्यांनी कमी झाली. बरे आहे, पण जाणवण्याइतके नाही. आता कवचांक २२ घ्या. तिथे वार २० टक्के वेळा लागतो. २३ झाला की १५. म्हणजे एका गुणाने एक चतुर्थांश इजा वाचली. आणि २४ वरून २५ वर गेल्यावर १० चे ५ होतात. इजा निम्म्यावर येते. त्यापुढे मात्र काहीच मिळत नाही, कारण २० चे दान पडले की वार नियमानेच लागतो.

थोडक्यात, ज्याच्या अंगावर आधीच जाड चिलखत आहे त्याला पुढचा प्रत्येक गुण अधिक मोलाचा ठरतो. जाणते खेळाडू हे हिशेब न मांडताही ओळखतात. ते निम्मे-निम्मे करत नाहीत. एक तर पात्राला पूर्ण मढवतात, नाहीतर चिलखताचा नादच सोडून मारण्याच्या ताकदीवर भर देतात. परिणामी चार-पाच जणांच्या एकाच गटात एकाचा कवचांक २२ आणि दुसऱ्याचा १३ असे चित्र दिसते. हे नियमांच्या आत राहूनच होते. पोलादी चिलखताचे १८, ढालीचे २, संरक्षक युद्धशैलीचा १ आणि ढाल किंचित जादूची असेल तर आणखी १ : योद्धा २२ वर पोचला. झगा घातलेला जादूगार आपल्या चपळाईचे ३ धरून १३ वर.

आता सूत्रधाराची बाजू पाहू. चार ऑर्क योद्ध्यावर तुटून पडतात आणि फेरीमागून फेरी वार हुकतात. पाचव्या पातळीचा योद्धा, शरीरयष्टीचे २ गुण धरून, ४४ हिट पॉइंटांचा असतो. ऑर्कच्या कुऱ्हाडीचा घाव सरासरी साडेनऊ गुणांचा, म्हणजे पाच घावांत तो पडेल. पण पाच घाव लागायला २५ वार करावे लागतात, चार ऑर्कांना सहाहून अधिक फेऱ्या. बहुतेक लढती तीन-चार फेऱ्यांत संपतात. सूत्रधाराला वाटते, लढाईत जीव उरला नाही. मग तो पुढच्या शनिवारी शत्रूंच्या हल्ल्याचा बोनस ५ वरून १० वर नेतो. कागदावर हे न्याय्य दिसते. योद्ध्याला आता ४५ टक्के वार लागतात आणि ११ वारांत तो धोक्यात येतो. धाकधूक परत आली.

पण त्याच ऑर्कांनी वळून जादूगाराकडे पाहिले तर? त्याच्यावर पूर्वी ६५ टक्के वार लागत. आता ९० टक्के लागतात. त्याचे हिट पॉइंट ३२, म्हणजे चार घाव. पूर्वी त्यासाठी साधारण सहा वार लागत, म्हणजे दीड फेरी. मधल्या वेळात तो मागे सरकू शकत होता, कोणी आडवे येऊ शकत होते. आता साडेचार वार. चार ऑर्क एकाच फेरीत त्याला जवळजवळ संपवतात. (दुप्पट इजेचे भाग्यवान घाव येथे धरलेले नाहीत, ते धरले तर चित्र आणखी वाईट होते.) योद्ध्याला धडा शिकवायला उचललेली काठी जादूगाराच्या पाठीत बसली. शिवाय ज्याने चिलखतासाठी दीड हजार सोन्याची नाणी साठवली, त्या योद्ध्यालाही हे कळते की आपली खरेदी सूत्रधाराने एका आकड्याने रद्द केली. दोन्ही खेळाडू नाराज, आणि दोघांची नाराजी रास्त.

खेळाच्या रचनाकारांनी ही दरी बुजवण्याचे निरनिराळे प्रयत्न केले आहेत. तिसऱ्या आवृत्तीत योद्ध्याचा मूळ हल्ला पातळीगणिक एकाने वाढे, २० व्या पातळीला अधिक २०; पण कवचांक पातळीबरोबर आपोआप वाढत नसे. ती तूट जादूच्या अंगठ्या, ताईत, मंतरलेली चिलखते यांनी भरून काढायची होती. सूत्रधाराच्या ग्रंथात कोणत्या पातळीला किती संपत्ती असावी याचे कोष्टकच होते. म्हणजे खजिना हे बक्षीस न राहता रेशन झाले. एवढे करूनही वरच्या पातळ्यांवर बेरजा फाटतच गेल्या. २००३ च्या सुधारित आवृत्तीतील टॅरास्क या महाकाय राक्षसाच्या चाव्याचा बोनस ५७ होता. कवचांक ४० असलेला योद्धा आणि कवचांक २० असलेला जादूगार त्याच्यापुढे एकाच पंक्तीला. दोघांनाही तो फक्त १ चे दान पडले तर चुके.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने वेगळा मार्ग धरला. पातळीच्या निम्मा आकडा हल्ल्यातही आणि बचावातही मिळवायचा. कवचांकाबरोबर सहनशक्ती, चपळाई आणि मनोबल असे आणखी तीन बचाव आले आणि शत्रूचा वार यांपैकी कोणत्याही एकावर येऊ शकत असे. शत्रूचे आकडे पातळीमागे एक या दराने वाढत. म्हणजे पात्राला पातळीकडून निम्मे मिळणार आणि उरलेले जादूच्या वस्तूंनी व गुणवाढीने गाठायचे. नोकरदार वाचकांना हे महागाई भत्त्यावरून चटकन कळेल : भत्ता वाढतो, भावही वाढतात, आणि खिशात होते तेवढेच राहते. खेळाडूंची तक्रार हीच होती की तिसाव्या पातळीला पोचूनही पहिल्या पातळीइतकेच वार लागतात आणि चुकतात, मग मोठे झालो म्हणजे काय झाले?

त्याहून मौज अशी की भत्ता महागाईला पुरतही नव्हता. आकडेमोड करणाऱ्या खेळाडूंनी दाखवून दिले की पहिल्या ते तिसाव्या पातळीपर्यंत शत्रूचे आकडे २९ ने वाढतात, पण पात्राचा हल्ला निम्म्या पातळीचे १५, वस्तूंचे ६ आणि मुख्य गुणाचे ४ मिळून २५ नेच वाढतो. बचावात तर, ज्या गुणाकडे खेळाडूने लक्ष दिले नाही तिथे, सुमारे ७ गुणांची तूट पडे. त्या बाजूने आलेला वार चुकवणे जवळपास अशक्य. २००९ च्या दुसऱ्या खेळाडू-ग्रंथात नेमकी ही भोके बुजवणारी खास कौशल्ये आली. प्रकाशकांनी त्यांना डागडुजी म्हटले नाही. खेळाडूंनी मात्र तेच म्हटले. चौथी आवृत्ती पुष्कळांना नावडती आहे. तरीही या प्रश्नाचा इतका प्रामाणिक हिशेब दुसऱ्या कोणत्या आवृत्तीने मांडला असेल असे वाटत नाही. कोष्टक उघड होते, म्हणूनच त्यातली चूक सापडली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने शर्यतच थांबवली. पात्राच्या प्रावीण्याचा बोनस पहिल्या पातळीला २ आणि विसाव्या पातळीला ६; मुख्य गुणाची नेहमीची मर्यादा ५. साऱ्या कारकिर्दीत हल्ल्याचा बोनस साधारण ५ वरून ११ वर जातो आणि कवचांक २० च्या आसपास घुटमळतो. वाढतात ते हिट पॉइंट आणि इजा. या आखीव मर्यादेचा फायदा असा की विसाव्या पातळीच्या नायकालाही गॉब्लिनांची टोळी पूर्णपणे हसण्यावारी नेता येत नाही. अधिक ४ बोनसचा गॉब्लिन कवचांक २० वर शंभरात २५ वेळा लागतोच. तोटा असा की पट्टा आखूड असल्याने छोटी बेरीजही मोठा उत्पात घडवते. 'शील्ड' हा पहिल्या पातळीचा साधा मंत्र पुढच्या पाळीपर्यंत कवचांकात ५ मिळवतो. मढवलेल्या योद्ध्याने थोडी जादू शिकून तो हस्तगत केला की २० चे २५ होतात आणि गॉब्लिनाला २० चेच दान हवे. रचनाकारांनी मारामारी पट्ट्याच्या मधोमध बसवली. खेळाडूंनी तिला काठावर नेऊन ठेवले.

इतर खेळांनी चिलखताचा अर्थच बदलून पाहिला. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये वार अडवणे हे कौशल्य आहे आणि चिलखत इजेतून वजा होते. हे वास्तवाच्या जवळचे, पण वजाबाकीचा स्वभाव दुराग्रही असतो. ६ गुणांचे चिलखत सहा बाजूंच्या एका फाशाची इजा पूर्ण गिळते. दोन फाशांची सरासरी इजा ७ असते, तिच्यातून दीडच्या आसपास आत पोचते. तिथून पुढे मात्र शत्रूने वाढवलेला जवळपास प्रत्येक गुण थेट हाडापर्यंत जातो. चिमटा किंवा मरण, मधले काही नाही, अशी अवस्था होण्याचा धोका असतो. १९८६ च्या 'गर्प्स'मध्ये बचावासाठी वेगळे तीन फासे टाकावे लागतात. तलवारीचे कौशल्य २० असलेला माणूस १३ पर्यंतच्या कोणत्याही बेरजेवर वार अडवतो, म्हणजे सुमारे ८४ टक्के. असे दोघे समोरासमोर आले की खणखणाट बराच आणि रक्त कमी. म्हणूनच त्या खेळाच्या २००४ च्या आवृत्तीत स्वतःच्या नेमातले २ गुण सोडून प्रतिस्पर्ध्याच्या बचावातला १ गुण तोडण्याची फसव्या वाराची सोय आहे. माझ्या मते या साऱ्या प्रश्नावरचा हा सर्वांत सुंदर तोडगा : जास्तीचे कौशल्य वाया न जाता समोरच्याच्या भिंतीतून एक वीट काढते, आणि कमकुवत माणसापुढे तो डाव खेळण्याची गरजच पडत नाही.

२०१९ च्या 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीत कवचांकाहून १० ने वरचढ बेरीज झाली की दुप्पट इजा होते. त्यामुळे एका गुणाने वार लागण्याची शक्यता ५ टक्क्यांनी आणि दुप्पट घावाचीही ५ टक्क्यांनी बदलते. तिथे चिलखताचा एकेक गुण जवळपास दुपटीने मोलाचा. ढाल वर करायला विसरलेला योद्धा दोन फेऱ्यांत शहाणा होतो.

सूत्रधाराने मग करावे काय? हल्ल्याचा बोनस सरसकट वाढवू नये, हे वरच्या हिशेबावरून स्पष्ट आहे. पाचव्या आवृत्तीत त्याच्या हाती दुसरे एक साधन आहे : अनुकूल परिस्थितीत दोन फासे टाकून मोठे दान घ्यायचे, प्रतिकूल असेल तर लहान. शत्रूला २० टक्के संधी असताना अनुकूलता मिळाली तर ती ३६ टक्के होते. ६५ टक्के असेल तर जवळपास ८८. योद्ध्यावरचे संकट दीडपटीहून जास्त वाढले, जादूगारावरचे साधारण तिसऱ्या हिश्शाने. आणि मुख्य म्हणजे ही अनुकूलता कुठून येते हे टेबलावर दिसते. कोबोल्ड नावाचे क्षुद्र प्राणी आपला साथीदार शत्रूला भिडलेला असला की अशाच अनुकूलतेने वार करतात. त्यांना पांगवले की ती जाते. खेळाडूला करण्यासारखे काही उरते. ऑर्कच्या बोनसमध्ये गुपचूप घातलेल्या ५ गुणांपुढे तो काहीच करू शकत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. मढवलेल्या योद्ध्याने दारात उभे राहून फक्त बचावाचा पवित्रा घेतला तर शत्रूला प्रतिकूलता येते आणि २० टक्क्यांचे ४ होतात. वार जवळपास लागतच नाहीत, पण त्या फेरीत त्याने कोणाला मारलेही नाही. शत्रूला थोडी अक्कल असेल तर तो दार सोडून खिडकी शोधेल. कधीकधी मात्र त्याने शोधू नये. ज्याने चिलखत घेतले त्याला वार हुकण्याचा आवाज ऐकायचा असतो. आठवड्यातून एकदा तरी दहा गॉब्लिन त्याच्यावर धावून जावेत आणि त्यांचे भाले पत्र्यावर वाजावेत. यात सूत्रधाराचा पराभव नाही.

खरा तोल चिलखताला वळसा घालणाऱ्या हल्ल्यांत आहे. आग, विष, भुरळ यांच्यापुढे कवचांक निकामी ठरतो. तिथे पात्राने स्वतः बचावाचा फासा टाकायचा, त्यात संबंधित गुण मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. पण पाचव्या आवृत्तीचा आखूड पट्टा इथे फाटतो. सहा गुणांपैकी दोनांतच पात्राला बचावाचे प्रावीण्य असते. उरलेले चार विसाव्या पातळीलाही पहिल्या पातळीइतकेच दुबळे राहू शकतात. २०२५ च्या नव्या राक्षस-ग्रंथात तर अनेक प्राण्यांचा वार लागला की पात्र वेगळा बचाव न करताच आडवे पडते किंवा विषबाधित होते. म्हणजे चिलखताचे मोल पुन्हा वाढले आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांची पंचाईतही.

२०१४ च्या ग्रंथातला प्रौढ लाल ड्रॅगन हे याचे उत्तम उदाहरण. त्याच्या चाव्याचा बोनस १४. कवचांक २२ च्या आपल्या योद्ध्याला तो ६५ टक्के लागतो; ठीक. पण त्याच्या ज्वाळेपासून बचावण्यासाठी चपळाईच्या फाशावर २१ लागतात आणि ज्वाळेची इजा सरासरी ६३ गुणांची आहे. जड चिलखत घालणाऱ्याने चपळाईकडे कशाला पाहावे? योद्ध्याचा चपळाईचा गुण शून्य. फाशावर २० च्या वर आकडा नाही आणि बचावाच्या फाशात २० म्हणजे आपोआप यश असा नियमही नाही. त्याला संधी ५ टक्केसुद्धा नाही. फासा टाकणे हा नुसता उपचार. झगा घातलेला जादूगार आपल्या ३ गुणांवर १५ टक्के तरी बाळगून असतो.

याला उतारा धर्मयोद्ध्याकडे आहे. सहाव्या पातळीपासून त्याच्या दहा फुटांच्या आत उभ्या असलेल्या मित्रांना, आणि त्यालाही, प्रत्येक बचावाच्या फाशात त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा गुण मिळतो. तो ५ असेल तर योद्ध्याची संधी शून्यावरून २५ टक्के होते आणि जादूगाराची ४०. मात्र त्यासाठी सर्वांनी एकमेकांना खेटून उभे राहावे लागते, आणि ड्रॅगनची ज्वाळा साठ फुटांच्या शंकूत पसरते.